गर्भाशयमुखाची तपासणी : स्पेक्युलमपासून तुकड्याच्या अहवालापर्यंत

'पिशवीच्या तोंडाला जखम आहे' हे वाक्य महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांनी तपासणीच्या खोलीत केव्हा ना केव्हा ऐकलेले असते. ते उच्चारताना डॉक्टरांना बहुतेक वेळा 'इरोजन' अभिप्रेत असते, म्हणजे गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीचे लालसर अस्तर बाहेरच्या बाजूला आलेले दिसणे. तरुण वयात, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना असे दिसणे अगदी नेहमीचे आहे; ती जखम नव्हे आणि कर्करोग तर नव्हेच. ऐकणारीच्या मनात मात्र 'जखम' या शब्दापासून 'कॅन्सर'पर्यंत आणि तेथून 'पिशवी काढावी लागणार' इथपर्यंतचा प्रवास एका क्षणात होतो. या तपासणीला पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीवर एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर शोधले जाते, आणि पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारण्याचे कारण जवळजवळ कधीच नसते. म्हणून या लेखात त्या पायऱ्या ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

काय तपासतात आणि का

गर्भाशयाचा खालचा, अरुंद, योनीमार्गात किंचित डोकावणारा भाग म्हणजे गर्भाशयमुख. लांबीने तो सुमारे तीन सेंटीमीटर असतो आणि त्याच्या मध्यभागी एक बारीक छिद्र असते, ज्यातून पाळीचा स्राव बाहेर येतो. बाहेरचे गुळगुळीत गुलाबी अस्तर आणि आतल्या नळीचे लाल अस्तर जिथे एकमेकांना मिळते, त्या पट्ट्यातील पेशी सतत बदलत असतात. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूला, म्हणजे एचपीव्हीला, शिरकाव करायला हीच जागा सोयीची पडते. हा संसर्ग अतिशय सर्वसामान्य आहे आणि बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही थोड्या जणींत तो टिकून राहतो, पेशींमध्ये बदल घडवतो, आणि त्या बदलांचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे लागतात. रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्या, उदाहरणार्थ एचआयव्हीबाधित, स्त्रियांत हा काळ पाच ते दहा वर्षांपर्यंत आखडतो. या लांबलचक काळात कधीतरी डोकावून पाहिले तर रोग होण्याआधीच त्याला अडवता येते, आणि सारी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे.

तपासणीचे तीन प्रकार प्रचलित आहेत. पॅप स्मिअरमध्ये पेशी खरवडून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एचपीव्ही चाचणीत त्याच जागेवरून घेतलेल्या नमुन्यात विषाणूची जनुकीय खूण शोधतात. तिसरी 'व्हाया' चाचणी, जिच्यात पातळ ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिले जाते. भारताच्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हाया करण्याची पद्धत २०१६पासून आखलेली आहे, कारण तिला प्रयोगशाळा लागत नाही आणि उत्तर तिथल्या तिथे मिळते. खासगी दवाखान्यात बहुधा पॅप स्मिअर सुचवली जाते, जी निर्दोष आली तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा करतात. एचपीव्ही चाचणी निर्दोष आल्यास निदान पाच वर्षे थांबता येते.

या विषयातील जगभर उद्धृत होणारे दोन मोठे अभ्यास आपल्याच मातीत झालेले आहेत, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांना घेऊन बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एचपीव्ही चाचणी आयुष्यात केवळ एकदा केली गेली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने केलेल्या दुसऱ्या अभ्यासात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हाया केली आणि मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. एका मिनिटाच्या, अगदी साध्या वाटणाऱ्या तपासणीवर इतका भर का दिला जातो, ते या आकड्यांवरून कळावे.

एक भेद इथेच स्पष्ट करायला हवा. वर सांगितलेल्या चाचण्या काहीही त्रास नसलेल्या स्त्रीसाठी आहेत. शरीरसंबंधानंतर रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव होणे, पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा अंगावरून लाल जाणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव होत राहणे, यांपैकी काही असेल तर मागच्या वर्षीचा पॅप स्मिअर चांगला होता या आधारावर थांबू नये. अशा वेळी लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आतून तपासून घ्यावे.

तारीख ठरवताना

पाळी चालू असताना तपासणी टाळतात, कारण रक्तामुळे दिसत नाही आणि नमुनाही बिघडतो. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून दहावा ते विसावा दिवस सर्वांत सोयीचा असतो. त्याआधीचे दोन दिवस शरीरसंबंध टाळावेत, योनीमार्गात गोळी किंवा मलम ठेवू नये आणि आतून पाण्याने धुऊ नये. (आतून धुण्याची तशीही कधीच गरज नसते, पण तो वेगळा विषय आहे.) उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. केस काढण्याचीही नाही. या एका संकोचापायी तपासणी पुढे ढकलणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले. नेहमीप्रमाणे आंघोळ करून जावे, एवढी तयारी पुरते.

साडी, परकर किंवा सैल कुर्ता अंगावर असेल तर सोपे जाते, कारण तो वर सरकवला की कमरेखालचे फक्त आतले कपडे काढावे लागतात. जीन्स घातली असेल तर कमरेखाली सगळेच उतरवावे लागते. पर्समध्ये एक सॅनिटरी पॅड ठेवावे. मागचे सर्व अहवाल आणि केसपेपर बरोबर घ्यावेत, शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्यावी.

टेबलावर जाण्याआधीचे प्रश्न

आधी काही प्रश्न विचारले जातात आणि त्यांतले काही खासगी असतात: पाळी किती दिवसांनी येते, बाळंतपणे किती झाली, शरीरसंबंध येतो का, त्या वेळी दुखते का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. सासू किंवा पती शेजारी बसलेले असताना खरी उत्तरे देता येत नसतील, तर 'मला एकटीला बोलायचे आहे' असे सांगण्यात काहीही वावगे नाही. पुढील गोष्टी मात्र कोणी विचारल्या नाहीत तरी स्वतःहून सांगाव्यात: गरोदर असण्याची शक्यता, रक्त पातळ करणारी औषधे, आयोडिनची किंवा रबरी हातमोज्यांची ॲलर्जी, पूर्वी झालेली गर्भाशयाची शस्त्रक्रिया. शरीरसंबंध कधीच आलेला नसेल तर तेही सांगावे, कारण अशा स्त्रीची ही नेहमीची चाळणी तपासणी सहसा करत नाहीत.

डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा दुसरी स्त्री खोलीत हजर असणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि रुग्णहक्कांच्या सनदेत तो नोंदलेला आहे. तो मागण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. 'सिस्टर आल्यावर सुरू करू या' एवढे म्हटले तरी पुरते. पूर्वी लैंगिक अत्याचाराचा अनुभव आला असेल, किंवा आतून तपासणीच्या कल्पनेनेच शरीर आवळत असेल, तर तपशील न सांगताही 'मला भीती वाटते, सावकाश करा, मी थांबा म्हटले की थांबा' असे आधीच ठरवून घ्यावे. थांबवण्याचा अधिकार शेवटपर्यंत तुमच्याकडेच असतो.

आत जाण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. मूत्राशय भरलेले असेल तर दाब अधिक जाणवतो आणि आधीच अवघडलेले शरीर आणखी अवघडते.

स्पेक्युलम

टेबलावर उताणे झोपून गुडघे वाकवायचे, पाय बाजूंच्या आधारांवर ठेवायचे आणि कंबर टेबलाच्या कडेपर्यंत आणायची. 'अजून थोडे खाली सरका' हे वाक्य दोनदा-तीनदा ऐकू येईल. आपण पडू असे वाटते, पण पडत नाही, आणि पुरेसे खाली सरकले तर पुढचे काम खरोखर लवकर उरकते. पोटावर आणि मांड्यांवर चादर असायला हवी. नसेल तर मागून घ्यावी.

स्पेक्युलम हे बदकाच्या चोचीसारखे दोन पात्यांचे उपकरण असते, धातूचे किंवा प्लास्टिकचे. ते मिटलेल्या स्थितीत आत सरकवले जाते आणि मग पाती हळूच उघडून स्क्रूने स्थिर केली जातात. धातूचे असेल तर स्पर्श गार लागतो आणि स्क्रूचा किंवा खटक्याचा बारीक आवाज येतो. तो आवाज काही कापल्याचा नसतो. काही ठिकाणी एका पात्याचे सिम्स स्पेक्युलम वापरतात, त्या वेळी कुशीवर झोपायला सांगू शकतात. या टप्प्यावर जाणवतो तो ताण आणि दाब. तीव्र वेदना होत असतील तर ते सांगावे, लहान आकाराचे स्पेक्युलम उपलब्ध असते. पाळी गेलेल्या स्त्रियांत योनीमार्ग कोरडा झालेला असतो आणि त्यांना हा भाग अधिक बोचतो, म्हणून त्यांनी तर आधीच लहान स्पेक्युलम मागावे.

सैल पडा असे सगळेच सांगतात, पण कसे ते फारसे कोणी सांगत नाही. दोन्ही मुठी उघडाव्यात, कमरेची मागची बाजू टेबलाला टेकवावी, तोंडाने सावकाश श्वास सोडावा आणि स्पेक्युलम आत येत असताना लघवी करताना करतो तसा खालच्या बाजूला अगदी हलका जोर द्यावा. श्वास रोखून धरला की ओटीपोटाचे स्नायू आपोआप आवळतात आणि दुखते ते त्यामुळे.

गर्भाशयमुख दिसू लागले की पुढचे काम एक-दोन मिनिटांचे असते. पॅप स्मिअरसाठी लाकडी किंवा प्लास्टिकची चपटी पट्टी आणि छोटा मऊ ब्रश फिरवून पेशी घेतात. त्या काचपट्टीवर पसरून लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात किंवा द्रावणाच्या बाटलीत ढवळतात. खरवडल्यासारखे वाटते, कधी पाळीच्या कळेसारखी एक कळ येऊन जाते आणि नंतर दिवसभर डाग पडू शकतात. एचपीव्हीचा नमुनाही असाच घेतात. एचपीव्ही चाचणीसाठी स्त्रीने स्वतःच योनीमार्गातून बोळ्याने नमुना घेण्याची पद्धतही आता मान्य झालेली आहे, त्यात स्पेक्युलम लागत नाही.

व्हाया असेल तर कापसाच्या बोळ्याने तीन ते पाच टक्के ॲसेटिक आम्ल लावतात, म्हणजे जवळपास घरातल्या व्हिनेगरइतके तीव्र. वासही तसाच येतो. मग एक मिनिट थांबतात. ज्या पेशींचे केंद्रक मोठे आणि दाट झालेले असते, त्यांच्यातील प्रथिने या आम्लाने तात्पुरती गोठतात आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. किंचित चुणचुणते, पण त्याहून अधिक काही होत नाही. 'व्हाया पॉझिटिव्ह' याचा अर्थ पांढरा डाग दिसला, एवढाच आहे. संसर्ग, सूज, भरून येत असलेली त्वचा, यांमुळेही तो दिसतो. ज्यांना कर्करोग नाही अशा पुष्कळ स्त्रिया या चाचणीत पॉझिटिव्ह येतात. पाळी गेल्यानंतर पेशी बदलण्याचा तो पट्टा आतल्या नळीत सरकतो, त्यामुळे त्या वयात व्हाया फारशी उपयोगी पडत नाही.

स्पेक्युलम काढल्यावर बहुधा दोन बोटे आत आणि दुसरा हात ओटीपोटावर ठेवून गर्भाशय आणि अंडाशय चाचपतात. ते अर्ध्या मिनिटात संपते.

दुर्बिणीची तपासणी

चाचणीत काही आढळले तर पुढची पायरी कॉल्पोस्कोपी, म्हणजे लोकांच्या भाषेत 'दुर्बिणीने तपासणी'. या शब्दाने गैरसमज फार होतो, कारण दुर्बीण म्हटले की पोटात नळी घालून, भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर येते. इथे दुर्बीण शरीरात जातच नाही. जर्मन डॉक्टर हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ मध्ये मांडलेले हे उपकरण प्रखर दिवा आणि भिंग लावलेल्या स्टँडसारखे असते आणि ते शरीरापासून साधारण एक फुटावर उभे राहते. आत असते ते पुन्हा तेच स्पेक्युलम, फक्त या वेळी दहा ते वीस मिनिटे. दवाखान्यात दाखल व्हावे लागत नाही, सहसा भूलही लागत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही सोय असते. ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी देऊन तिकडे पाठवतात. पाळीच्या वेळी जसे दुखते तशी कळ येऊ नये म्हणून तासभर आधी एखादी वेदनाशामक गोळी घ्यायची का, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

आधी ॲसेटिक आम्ल लावतात, काही वेळा त्यानंतर लुगोलचे आयोडिन. निरोगी पेशींतील ग्लायकोजेन आयोडिन शोषून गर्द तपकिरी होते आणि बदललेला भाग मोहरीसारखा पिवळट राहतो. पडद्यावर चित्र दिसत असेल आणि पाहायची इच्छा असेल तर तसे विचारावे. स्वतःच्या शरीराचा हा भाग पहिल्यांदाच पाहिल्यावर अनेकींची निम्मी भीती तिथेच ओसरते. आयोडिनचे डाग कपड्यांना लागतात, म्हणून ते पॅड इथे कामी येते.

संशयास्पद जागा दिसली तर तिथून तुकडा काढतात. तुकडा या शब्दाइतका तो मोठा नसतो, तांदळाच्या दाण्याहूनही लहान, दोन-चार मिलिमीटरचा असतो. गर्भाशयमुखाला त्वचेइतकी तीव्र संवेदना नसते, त्यामुळे पुष्कळ जणींना चिमटा बसल्यासारखे आणि क्षणभर कळ आल्यासारखे वाटते. काहींना मात्र चांगलेच दुखते आणि त्यांना 'एवढे काय दुखायचे' असे म्हणणे योग्य नाही. डॉक्टर नेमक्या त्या क्षणी खोकायला सांगतात, लक्ष दुसरीकडे गेले की चिमटा कमी जाणवतो. कधी आतल्या नळीतूनही खरवडून नमुना घेतात. गरोदर स्त्रीत असे कधीच करत नाहीत. कॉल्पोस्कोपी गरोदरपणात सुरक्षित असते, पण तुकडा मात्र गंभीर शंका असली तरच घेतात. रक्त थांबवण्यासाठी त्या जागी मॉन्सेलचे दाट तपकिरी द्रावण लावतात.

उठताना घाई करू नये. आधी कुशीवर वळून बसावे, मग पाय खाली सोडावेत, कारण क्वचित चक्कर येते.

घरी परतल्यावर

नुसता नमुना घेतला असेल तर कोणतेही पथ्य नाही. त्याच दिवशी कामावर जाता येते. तुकडा काढला असेल तर दोन-तीन दिवस थोडे रक्त आणि त्यानंतर कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट स्राव येतो. हा स्राव पाहून घाबरून रात्री दवाखाना गाठणाऱ्या स्त्रिया असतात. ते त्या तपकिरी द्रावणाचे अवशेष असतात. साधारण आठवडाभर, किंवा डॉक्टरांनी सांगितले असेल तितके दिवस, शरीरसंबंध टाळावेत, योनीमार्गात काही ठेवू नये आणि जड उचलू नये. पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव, ताप, घाण वासाचा स्राव किंवा थांबत नसलेली ओटीपोटातील वेदना, यांपैकी काही झाले तर मात्र वाट पाहू नये.

अहवाल हाती आल्यावर

पॅप स्मिअरच्या कागदावर 'एनआयएलएम' असेल तर पेशींत काही दोष नाही. 'ॲस्कस' म्हणजे पेशी किंचित वेगळ्या दिसतात पण निश्चित सांगता येत नाही. 'एलएसआयएल' म्हणजे सौम्य बदल आणि 'एचएसआयएल' म्हणजे ठळक बदल. यांपैकी कोणताही शब्द कर्करोगाचा समानार्थी नाही. पेशींवरून केवळ अंदाज बांधता येतो. निदान तुकड्याच्या अहवालावरून होते आणि त्यात 'सीआयएन' १, २ किंवा ३ असे लिहिलेले असते. पहिल्या श्रेणीचे बदल बहुतेक वेळा दोनेक वर्षांत आपोआप मावळतात, म्हणून त्यात उपचारांऐवजी लक्ष ठेवतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत तेवढीच जागा गोठवून, उष्णतेने जाळून किंवा तारेच्या विद्युत फासाने, ज्याला 'लीप' म्हणतात, काढून टाकतात. हे उपचार बहुधा बाह्यरुग्ण विभागातच होतात आणि गर्भाशय जागेवर राहते.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरे जाणे, पाठ दुखणे आणि 'तोंडाला जखम' एवढ्या आधारावर 'पुढे कॅन्सर होईल' असे सांगून शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर 'पॅप स्मिअर किंवा एचपीव्हीचा अहवाल कुठे आहे, कॉल्पोस्कोपी झाली का, तुकड्याचा अहवाल काय म्हणतो' हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे कागदावर नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो सरकारी रुग्णालयातील तज्ज्ञांचे, मत घेतल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नये. अतिरक्तस्रावासारख्या तातडीच्या कारणाची गोष्ट निराळी.

एचपीव्हीची लस घेतली असली तरी ही तपासणी चुकवू नये. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या, २०२२ मध्ये मान्यता मिळालेल्या लशीसह कोणतीही लस सर्व प्रकारच्या विषाणूंना रोखत नाही आणि आधीच झालेला संसर्ग घालवत नाही.

सर्व अहवाल एका फाइलमध्ये तारखेनुसार लावावेत, तुकडा काढला असेल तर प्रयोगशाळेने दिलेला क्रमांक लिहून ठेवावा, कारण पुढे दुसऱ्या रुग्णालयात गेल्यास त्याच काचपट्ट्या पुन्हा तपासायला मागवता येतात. अहवाल दोन आठवड्यांत मिळाला नाही तर 'काही असते तर फोन आला असता' असे समजू नये, स्वतः जाऊन विचारावा. आणि पुढच्या तपासणीचा महिना व वर्ष त्याच फाइलच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहावे.